खाणीतला ण

चांगूबायनं मला पहिल्यांदा रस्ता सांगितला तोच मुळी नसलेल्या गोष्टीवरून. ऐरोलीच्या एका लॅबमध्ये नोकरी लागली होती, भाड्यानं खोली हवी होती, कुणीतरी नंबर दिला म्हणून फोन केला. "कुठं उतरू?" विचारलं तर पलीकडून आवाज, "काट्यावर उतर. काट्याच्या मागं गल्ली हाय, गल्लीत पिवली बिल्डिंग." आणि फोन बंद. दिघ्याच्या बाजूला त्या मोठ्या रस्त्यावर उतरून मी उन्हात काटा शोधत उभी. रिक्षावाल्याला माहीत नाही, टपरीवाल्याला माहीत नाही. समोर गाड्यांची भलीमोठी शोरूम, काचेआड एक पांढरी गाडी फुगे बांधून ठेवलेली. शेवटी परत फोन लावला. "अगो, काचंच्या दुकानासमोर उबी हायस ना? त्योच काटा."

दगडाचे ट्रक वजन करून सोडायचा वजनकाटा तिथं कधीकाळी होता. मी या गावात येण्याच्या कितीतरी आधी तो उखडून नेलेला. बॅगा ओढत पिवळ्या बिल्डिंगपाशी पोचले आणि जरा चिडूनच म्हटलं, "मावशी, काटा तर कधीच गेलाय तिथला." ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसलेल्या बाईनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "काटा गेला. जागा गेली काय?"

मी खोली बघायला जिना चढले.

बिल्डिंग तिची स्वतःची. गावठाणातली चार मजली, लिफ्ट नाही, सोसायटी नाही, आणि जिना असा उभा की सिलिंडरवाला खालूनच हाका मारायचा. चांगूबाय तळमजल्यावर राहायची. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, अंगावर एवढं सोनं की बँकेत ठेवलं असतं तर मॅनेजर उठून उभा राहिला असता, आणि हातात मोबाईल, कायम स्पीकरवर. खुर्चीचा एक पाय आखूड होता, त्याखाली फरशीचा तुकडा. तो तुकडा कुणी हलवला की सगळ्या बिल्डिंगचा उद्धार व्हायचा.

आता, ही बाई म्हणजे मायाळू वगैरे होती असं कुणाला वाटायला लागलं असेल तर ते आत्ताच खोडून काढते. महा खट बाई. नळ गळतोय म्हणून तक्रार घेऊन गेलं तर म्हणायची, "मंग बादली लाव नि धुनी धू. फुकटचा पानी मिलतंय तुना." पंप सुरू करायची वेळ तिच्या मर्जीची. पाहुणा दोन दिवसांपेक्षा जास्त राहिला की जिन्यातून जाताना मोठ्यानं विचारणार, "यो पन भारा देनार काय?" आणि कुणालाच त्याच्या नावानं हाक मारायची नाही. माझं नाव वैशाली. ते तिनं एकदा ऐकलं आणि सोडून दिलं. मी सांगोल्याची, म्हणून मी 'सांगोला'. माझ्या वरच्या मजल्यावरचा बँकेतला माणूस 'चष्मा'. त्याच्या शेजारच्यांचा कधीतरी सिलिंडर गळला होता, तर ते अख्खं कुटुंब 'गॅस'. त्यांची लहान मुलगी शाळेतून आली की ही ओट्यावरून विचारायची, "गॅसची पोर, जेवलीस काय?" सुरुवातीला मला संताप यायचा. मी एकदा म्हटलंसुद्धा, "मावशी, मला नाव आहे." ती म्हणाली, "नाव तं सगल्यांना हाय. वैशाल्या ढिगानं हायत. सांगोला येकच." यात तिला मान दिल्यासारखं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर हळूहळू मलाही वाटायला लागलं.

तिचा ओटा बरोबर गावठाणाच्या तोंडाशी. त्यामुळे पार्सल घेऊन येणारी पोरं, कुरियरवाले, नवे भाडेकरू, सगळे तिलाच रस्ता विचारणार. आणि ती सांगणार तिच्या नकाशातून. "फाटकावरनं डावीकरं जा." फाटक नाही, तिथं बँकेचं एटीएम. "वडाच्या स्टॉपवर थांब." वड तोडून रस्ता रुंद केला त्यालाही जमाना झाला, स्टॉपसुद्धा पुढं सरकला. पोरं फोनमधला नकाशा तिच्यापुढं धरायची. ती फोन हातानं बाजूला सारायची. गंमत म्हणजे माणसं पोचायची. कारण ती नुसतं सांगून थांबत नसे, खुर्चीतून उठून कोपऱ्यापर्यंत जाऊन हात करून दाखवायची, आणि वर शिवी द्यायची.

या शहराला आधी नावंच नव्हती, हे इथं नव्यानं येणाऱ्यांना कळत नाही. म्हणजे गावांना होती, पण गावांमधल्या जमिनीवर जे उभं राहिलं त्याला आकडे दिले. सेक्टर एवढा, प्लॉट तेवढा. कैद्यांना देतात तसे. मग टॉवर आले, टॉवरात माणसं आली, आणि माणसांना आकड्यात राहून कंटाळा आला. मग सगळ्यांना अचानक इतिहास पाहिजे झाला. चौकाला नाव, बागेला नाव, नाल्यावरच्या पुलालासुद्धा नाव. ज्या जागांना आधीपासून नावं होती त्यांचं काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

गावठाणाच्या मागं, डोंगराच्या पायथ्याशी एक तळं आहे. चारी बाजूंनी उभा कापलेला काळा दगड आणि मध्ये हिरवं पाणी, खोल. बसस्टॉपवर पाटी होती, 'खान तलाव'. इंग्रजीतही तेच. फोनमधल्या नकाशातही तेच. तिथं आजूबाजूला टॉवर झाले आणि प्रत्येक टॉवरच्या जाहिरातीत ते तळं निळं करून छापलं जायचं. गणपतीला सगळी वस्ती तिथं विसर्जनाला जायची. चांगूबायच्या घरचा गणपती मात्र लांब खाडीवर. टेम्पो करून न्यायचे. मी एकदा विचारलं, "मावशी, एवढं जवळ तळं असताना?" ती म्हणाली, "तितं नको." एवढंच. उन्हाळ्यात मोठी पोरं तिकडं पोहायला निघाली की ही ओट्यावरून असल्या शिव्या घालायची की 'चष्मा' खिडकी लावून घ्यायचा. आणि पितरांच्या अमावास्येला तिची सून एक पान वाढून तळ्याच्या काठाला ठेवून यायची. मला वाटायचं, असेल काहीतरी गावचा रिवाज.

मग एक दिवस माझ्या फोनवर टॉवरवाल्यांचा मेसेज फिरत फिरत आला. कुणा अभ्यासू गृहस्थानं लिहिलं होतं की पूर्वी या भागात एक खान राहत असे, तो फार जुलमी होता, आणि आपले हत्ती तो या तलावात धुवायला आणत असे. अशा माणसाचं नाव आपल्या तलावाला असणं ही आपल्याला लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे. नाव बदला. खाली अंगठे आणि हात जोडल्याची चित्रं, स्क्रोल करून बोट दुखेल एवढी. रविवारची दुपार होती, लाईट गेलेली, मी खाली ओट्यावर येऊन बसले होते. करमणूक म्हणून मी तो तिला मोठ्यानं वाचून दाखवला.

"हत्ती?" चांगूबाय म्हणाली. "हितं? हितं म्हस उतरत नाय त्या कड्यावरनं. हत्ती कं उतरनार? आनि कोन खान?"

"तो ज्याचा तलाव आहे तो."

"कोनाचा तलाव?"

"खानाचा. खान तलाव ना?"

ती माझ्याकडं बघत राहिली. डोकं फिरलेल्या माणसाकडं बघतात तसं. "अगो सांगोला," ती म्हणाली, "खान म्हंजे खान. दगराची खान. जितनं दगर काडतान ती."

मला कळायला जरा वेळ लागला. मग कळलं. यांच्या बोलीत ण नाही. पानी, लोनी, कोन, बहीन. तशी खान. खाण. खाणीचा तलाव. पाटी रंगवणाऱ्यानं गावात विचारलं असणार, गावानं सांगितलं खान, त्यानं लिहिलं खान. इंग्रजीत गेल्यावर तर प्रश्नच मिटला. एका अक्षरातून एक अख्खा माणूस जन्माला आला, त्याला हत्ती मिळाले, जुलूम मिळाले, आणि आता त्याला हाकलायला माणसं जमत होती. मला एवढं हसू आलं की मी पायरी धरून हसले. चांगूबाय हसली नाही.

"नाव बदलनार?" तिनं विचारलं.

"म्हणतायत तसं."

मग तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला आणि सांगायला लागली, माझ्याकडं न बघता.

त्या दोघी बहिणी. थोरली आणि ही. बापाची शेती सगळी खाऱ्या पाण्याच्या कडेला, ती गेली, मग घरातल्या बायका खाणीवर जायला लागल्या. डोक्यावर पाटी, पाटीत दगड, खालून वर. थोरली भारी तोंडाळ. सगळ्यांना नावं ठेवायची खोड मूळ तिची. ठेकेदाराचं नाव तिनं 'बेडूक' ठेवलं होतं, आणि तो आला की सगळ्या बायका पाटीखाली तोंड लपवून हसायच्या. सुरुंग लावायचा असला की लाल फडकं हलवायचे, सगळे लांब पळायचे, सुरुंग उडाला की परत कामाला.

"त्या दिशी उडला. सगला गप झाला. बेडूक वरडला, चला खाली. बाकीच्या बाया पदर झटकत व्हत्या. ती पुडं. तिला सगल्याची घाई. ती खाली उतरली नि मंग वरचा कडा आयला."

दगड उपसून काढायला गेलं तर उरलेला कडा पण येईल, असं ठेकेदार म्हणाला. आज काढू, उद्या काढू. तेवढ्यात खालून पाणी लागलं. पंप लावले, बंद पडले. मग त्यानं डोंगराच्या पलीकडं नवी खाण सुरू केली, आणि ही तशीच सोडून दिली. पाणी चढत गेलं.

"म्हणजे त्या..." मी म्हटलं.

"हाय ना. तितंच हाय."

घरी आईनं सांगून ठेवलं, हिचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की जीव घुटमळतो. मग घरात कुणी नाव घेतलं नाही. कधी सांगायची वेळ आली तर सगळे म्हणायचे, 'खान'. ही खानीची साडी. खान असती तर आज इतकी म्हातारी असती. तळ्याचं नाव आणि बहिणीचं नाव एकच झालं. मला तिनं थोरलीचं नाव सांगितलं तेही आवाज अगदी खाली आणून, ओट्यावर आम्ही दोघीच असताना. बायजा.

"आनि ती खडी कं गेली, ठाव हाय?" तिनं विचारलं. "तुमच्या सेक्टरांत. पयला रस्ता झाला त्यो आमच्या डोक्यावरनं गेला. आता त्या रस्त्यानं येतान नि मना सांगतान, खान काडा."

नाव बदलण्याच्या बाबतीत सगळ्यात पुढं कोण होतं, तर दिनेशभाऊ. भाऊंचे बॅनर आमच्या नाक्यावर बारमाही. पांढरा शर्ट, जोडलेले हात, मागं सूर्य. हा दिनेशभाऊ म्हणजे चांगूबायच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्याची आई आजारी असायची, म्हणून लहानपणी हिच्याच घरी जेवायचा. तिच्या भाषेत सांगायचं तर, "माज्या चुलीवर मोठा झाला त्यो." म्हणजे बायजा त्याचीही आत्याच, तो जन्मायच्या आधी गेलेली. चांगूबायला वाटलं, कुणी त्याला सांगितलं नसेल. तिनं फोन केला, स्पीकरवर. तो म्हणाला, "आते, मीटिंग ठेवलीय टावरच्या हॉलमदी. तितं येऊन सांग. लोकशाही हाय."

मीटिंगच्या आधीचे काही दिवस ती संध्याकाळी टीव्हीपुढं बसायची, बातम्यांपुढं. बातम्यांत काय आहे याच्याशी तिला घेणं नव्हतं. ती बातम्या देणाऱ्या मुलीच्या तोंडाकडं बघायची. एकदा मी जिना उतरत होते तर तिनं हाक मारली. "सांगोला, ती टीव्हीवरली खान कशी बोलते गो? जीब कं लावते?"

मी करून दाखवलं. जीभ वर वळवायची, टाळ्याला टेकवायची, सोडायची. ण.

"वर कशाला न्यायची?" ती वैतागून म्हणाली. "पानी बोलायला जीब वर चरवायची?" पण ती करत राहिली. खान. खान. खाड. खाण्ड. सून भाकऱ्या थापता थापता हसत होती, तिला एक शिवी बसली. मग एका संध्याकाळी मी कामावरून आले तर ओट्यावरून आवाज आला, "खाण." स्वच्छ. बातम्यांतल्या मुलीनं मान डोलवावी असा. मी वळून बघितलं. चांगूबाय इकडंतिकडं बघत होती, जणू ती बोललीच नव्हती.

मीटिंग रविवारी सकाळी. सगळं सोनं घालून, नवं लुगडं नेसून ती निघाली आणि मला म्हणाली, "तू चल. बोलाचा नाय. निस्ता बसाचा." टॉवरचा हॉल म्हणजे एसी, गालिचा, मागं मोठा पडदा, त्यावर आधीच छापून आलेलं 'स्वराज्य सरोवर'. पहिल्या रांगेत हत्तीवाले अभ्यासू गृहस्थ. माझ्यासारखीच माणसं सगळी. कुणी साताऱ्याचं, कुणी रत्नागिरीचं, कुणी परळहून इकडं आलेलं. कधीतरी प्रत्येकाच्या बोलण्याला कुणीतरी हसलेलं असणार. माझ्या 'लय' आणि 'आत्ता गं बया'ला लॅबमध्ये पोरी पहिलं वर्षभर हसत होत्या. मला वाटलं होतं, निदान ही माणसं ऐकून घेतील.

दिनेशभाऊंनी भाषण केलं. टीव्हीवरच्या मराठीत. अस्मिता, वारसा, प्रेरणा, सगळे शब्द होते. मग म्हणाले, कुणाला काही मांडायचं असेल तर मांडावं. चांगूबाय उठली. कुणीतरी तिच्या हातात माईक दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरला, घागर धरावी तसा.

"मी चांगूबाय," ती म्हणाली. आणि मग तिनं जीभ वर चढवली. "मी हितलीच. त्या खाणीचं णाव काडू णका. ती खाण हाय. खान णाय."

पाठीमागून कुणीतरी फिस्सकन हसलं. ती थांबली, परत जीभ सावरली. "माजी बहीण हाय तितं. तिला दुसरं काय णाय. येक णाव हाय."

एवढ्या दिवसांच्या मेहनतीनं तिला ण सापडला होता, पण तो कुठं लावायचा आणि कुठं नाही हे कोण सांगणार? तिनं सगळीकडं लावला. हातचं राखून ठेवलं नाही. आणि हॉल हसायला लागला. दुष्टपणानं नाही हो, अगदी खेळीमेळीनं. तेच जास्त वाईट होतं. दुसऱ्या रांगेतली एक बाई गोड आवाजात म्हणाली, "आजी, 'नाव'. तिथं ण नाही." तिच्या शेजारचा म्हणाला, "म्हणजे मूळचा शब्द कुणालाच नीट माहीत नाही, त्यापेक्षा नवीन बरा." हत्तीवाल्यांनी हत्तींचा विषय न काढता नुसती मान हलवली. कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली. बहीण तिथं आहे म्हणजे काय, हे त्या हॉलमध्ये एकानंही विचारलं नाही. एकानंही नाही. मला आजही त्या हॉलवरून जाताना थुंकावंसं वाटतं.

ती खाली बसली. माईक अजून हातात. दिनेशभाऊ स्टेजवरून उतरून आले, वाकून पाया पडले. फोटोवाला धावत आला. फोटो होईस्तोवर भाऊ वाकलेलेच होते, आणि वाकल्या वाकल्या, माईकच्या बटणावर अंगठा दाबून, अगदी आमच्या गावठाणाच्या बोलीत बोलले. मी शेजारी होते म्हणून मला ऐकू आलं.

"आते, मना काय म्हाईत नाय काय? खान कसली ती सगल्या गावाला म्हाईत हाय. पर खान नाव ऐकला का फ्लॅट घेनारा मागं फिरतंय. त्यांना समजावत कोन बसनार? बॅनर छापून झालं. आता गप बस."

चांगूबाय म्हणाली, "ती तुजी पन आते व्हती रं."

"व्हती ना. म्हनून तं बोर्डावर खाली गावाचा नाव टाकतंय. बारीक."

मग भाऊ उठले, स्टेजवर गेले आणि माईकवर म्हणाले, "आमच्या ज्येष्ठ आत्यांनी आत्ताच मला आशीर्वाद दिला आहे." टाळ्या पडल्या.

परत येताना आम्ही रिक्षा केली. रिक्षावाल्यानं विचारलं, कुठं? मी चांगूबायकडं बघितलं. ती बाहेर बघत होती. म्हणाली, "शोरूम." इतक्या वर्षांत तिनं काट्याला शोरूम म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

नामकरणाला ती गेली नाही. तळ्याभोवती रेलिंग आलं, दिवे आले, पाण्यात बदकाच्या आकाराच्या पायडलच्या होड्या आल्या. बसस्टॉपची पाटी बदलली. इकडं ओट्यावर खुर्ची होती, चांगूबाय होती, पण नकाशा बंद. कुणी येऊन विचारायचं, "आजी, स्वराज्य सरोवर कुठं?" ती म्हणायची, "मना म्हाईत नाय. मी नवीन हाय हितं." कुणी शाळा विचारो, दवाखाना विचारो, तेच उत्तर. पोरं फोनमधल्या बाईचं ऐकत पुढं निघून जायची आणि आमच्याच गल्लीतून चुकून फिरून परत यायची. ती बघत बसायची. शिव्याही कमी झाल्या होत्या. पंप वेळेवर सुरू व्हायला लागला, आणि आम्हा भाडेकरूंना चैन पडेना. 'चष्मा' एकदा मला जिन्यात म्हणाला, "मावशींना बरं नाही का? काल मला साहेब म्हणाल्या."

पुढच्या वर्षी तळ्याच्या काठाला, बरोबर त्या कड्याखाली, एक मोठं हॉटेल निघालं. काळ्याच दगडाच्या भिंती, पिवळे दिवे, बाहेर गाड्यांची रांग. दिनेशभाऊंची भागीदारी आहे म्हणत होते. दारावर इंग्रजीत नुसते दोन शब्द. चांगूबायच्या सुनेच्या मोबाईलवर त्याचा फोटो आला होता. चांगूबायनं तो माझ्यापुढं धरला. "काय लिवलंय गो?"

"द क्वॉरी," मी वाचलं.

"म्हंजे?"

मला सांगवेना. पण तिच्यापुढं खोटं बोलायची सोय नव्हती. मी म्हटलं, "म्हणजे खाण, मावशी. इंग्रजीत खाणीला क्वॉरी म्हणतात."

तिनं फोन परत घेतला. डोळ्यांजवळ नेऊन तो फोटो बघितला, लांब धरून बघितला. मला वाटलं आता शिव्यांचा पट्टा सुटणार, आणि मी त्याची वाटच बघत होते. तिनं फक्त विचारलं, "नि मंग कोनी इचारला नाय, कोन खान?"

मी ती खोली सोडली ती नावड्याला स्वतःचा फ्लॅट झाला म्हणून. सामानाचा टेम्पो गल्लीत लागला होता. चांगूबाय ओट्यावर होती आणि बऱ्याच दिवसांनी टेम्पोवाल्यावर ओरडत होती, कारण त्यानं तिच्या खुर्चीखालचा फरशीचा तुकडा चाकाला टेकू म्हणून घेतला होता. तुकडा परत मिळाला, खुर्ची सरळ झाली, ती बसली. मी पाया पडले. ती म्हणाली, "नावड्याला पानी येतंय काय? नाय आला तं येशील परत, सांगोला." हात माझ्या डोक्यावर होता, पण डोळे टेम्पोवर.

तेवढ्यात पाठीवर पार्सलची मोठी पेटी बांधलेला एक मोटारसायकलवाला गल्लीच्या तोंडाशी थांबला. नवा होता, घामाघूम झालेला. फोनमधली बाई त्याला तिसऱ्यांदा आमच्याच गल्लीत घेऊन आली असावी. "अम्मा," त्यानं विचारलं, "वो द क्वॉरी किधर पडेगा?"

मला उत्तर माहीत होतं. मी नवीन हाय. चांगूबायनं त्याच्याकडं बघितलं. मग खुर्चीच्या दांड्यावर हात टेकून उठली, कोपऱ्यापर्यंत गेली, आणि बांगड्यांनी भरलेला हात डोंगराकडं केला.

"सीदा जाव," ती म्हणाली. आवाज मुळीच खाली आणला नाही. "बायजा के बाजू में."

"बायजा कौन?"

"मेरा बहीन. उदरच रैता."

तो हो म्हणाला आणि गाडीला किक मारली. वळणावर जाता जाता तो फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगत होता, "हाँ, मिल गया. बायजा के बाजू में."